एसडब्ल्यूआर १.२ दाखवणारी अँटेना घेतली आणि ४,६०० रुपये घालवले

आधीच सांगतो, मी काही नवखा नाही, हौशी रेडिओवाला म्हणजे हॅम आहे, व्हीयू३ कॉलसाइन (परवान्यावरची रेडिओ-ओळख) मिळून सहा वर्षं झाली, गच्चीवरच्या दोन्ही अँटेना घरीच बनवलेल्या आहेत, तरी फसलो. आणि फसवणारा आपल्याच हॅम लोकांच्या भाषेत बोलत होता, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

झालं असं की पावसाळ्यात ताम्हिणी घाटात एका सायकल राइडला कम्युनिकेशनची मदत करायची होती. पौड सोडलं की मोबाइलची रेंज येते-जाते, घाटात तर बऱ्याच ठिकाणी नाहीच, म्हणून चार गाड्या, चार हॅम आणि टू मीटर बँड (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी) असा प्लॅन ठरला. माझ्या गाडीला अँटेना नव्हती. टपाला भोक पाडायला बायको तयार नव्हती (खरं सांगायचं तर मीही नव्हतो, लोन अजून चालू आहे), मग राहिलं मॅग्नेट माउंट. फ्रिजवरचं चुंबक टपाला लावून बघितलं, चिकटलं. हे आधी बघाच, कारण सनरूफवाल्या गाड्यांना वर काचच जास्त असते, आणि पत्रा फक्त अँटेना धरून ठेवायला लागतो असं नाही, तोच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. बेसची प्लेट आणि टप यांच्यामध्ये रंगाचा पातळ थर असतो, तिथे कपॅसिटर तयार होतो आणि त्यातून आरएफचं, म्हणजे रेडिओ सिग्नलचं, कनेक्शन होतं. फायबरच्या टपावर चुंबक चिकटवायची युक्ती काढलीत तरी खाली पत्राच नसल्यामुळे अँटेना नीट चालत नाही.

तर एका ग्रुपवर एकाने मेसेज टाकला होता, ओरिजिनल जपानी ड्युअल बँड (दोन बँडवर चालणारी) अँटेना, सव्वा मीटरच्या वर काडी, गेन एवढा न् तेवढा, शेवटचे पाच पीस. मी पर्सनलवर विचारलं तर सुरुवातच "गुड मॉर्निंग ओएम" (ओल्ड मॅन, हॅम एकमेकांना असंच म्हणतात) अशी, शेवटी ७३ (म्हणजे शुभेच्छा), मध्ये स्वतःचा कॉलसाइन. व्हिडिओ पाठवला, टेबलावर लोखंडी पत्रा, त्यावर अँटेना, बाजूला मीटर, १४५ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) १.२ आणि ४३५ वर १.३. आता ज्याने कधी अँटेना ट्यून केलीय त्याला माहितीये की एवढा आकडा यायला किती वेळा काडी कापावी लागते. मी विरघळलो. यूपीआयने ४,६०० पाठवले, चार दिवसांत पार्सल आलं पण. बॉक्स छान, बेस जड, चुंबक तर असलं की टपावरून काढताना दोन हात लागले. घरी नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावला, १.२. व्हिडिओतला आकडा खरा निघाला, हेच तर सगळ्यात वाईट झालं, कारण त्यानंतर मी काही तपासलंच नाही. खरं तर स्क्रीनवरची रेघ बघूनच खटकायला हवं होतं. चांगल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर तिच्या बँडपाशी खाली येतो आणि बाजूला गेलं की वर चढतो, दरी दिसते नीट. इथे १४० पासून ४५० पर्यंत रेघ जवळजवळ सपाट. मला वाटलं वा, काय ब्रॉडबँड माल आहे.

शहरात दहा वॉटवर रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) उघडत होता, सगळे "फाइव्ह नाइन", म्हणजे एकदम स्वच्छ, म्हणत होते. राइडच्या दिवशी पौडपर्यंत ठीक. घाटात माझ्या पॉइंटवर जाऊन थांबलो आणि कंट्रोलवाल्या गाडीला हाक मारली तर नुसती खरखर. ते मला ऐकत नव्हते, मला ते तुटक तुटक. त्यात एक पोरगा ओल्या वळणावर घसरला, कोपर चांगलंच सोललं, त्याला खाली न्यायला गाडी हवी होती, म्हणून मी पॉवर पन्नास वॉटवर टाकली आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबून बोलतोय, बोलतोय, आणि समोरच्या टपरीवाले काका ओरडले, "अहो साहेब, गाडीवर काय पेटलंय का?" बाहेर येऊन बघतो तर रिमझिम पावसात अँटेनाच्या बुडातून वाफ निघतेय. हात लावला तर चटका. रेडिओवर एसडब्ल्यूआरची दांडी पार टोकाला. शेवटी आमच्यातला एक जण जुनी जीप घेऊन दोन वळणं खाली उभा होता, त्याला हातातल्या छोट्या सेटवरून निरोप दिला आणि त्याने पुढे पोचवला. त्याच्या टपावर साधी हातभर काडी, क्वार्टर वेव्ह (लहरीच्या पाव लांबीची), ४९ सेंटिमीटर. पोरगा ठीक आहे, टाके पडले तीन.

घरी येऊन बेसखालचं रबर कटरने सोललं. मध्ये चुंबकाची रिंग, वजनासाठी एक लोखंडी चकती, आणि जिथे मॅचिंग कॉइल (अँटेना रेडिओशी जुळवणारी) असायला पाहिजे तिथे वायरचे दोनच वेढे, तेही कशालाच न जोडलेले. काडी आणि कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) बाहेरची जाळी यांच्यामध्ये दोन रेझिस्टर शेजारी शेजारी सोल्डर केलेले. एक जळून कोळसा, दुसऱ्यावर पट्टे अजून वाचता येत होते, तपकिरी, काळा, तपकिरी. म्हणजे शंभर ओहम. शंभरचे दोन पॅरलल म्हणजे पन्नास.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी, रेडिओला पन्नास ओहमचं काहीही लावा, तो खूश. एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की पाठवलेली पॉवर परत येत नाहीये. ती हवेत गेली की आतच उष्णता होऊन संपली हे तो सांगतच नाही. टेस्टिंगसाठी आपण डमी लोड वापरतो तो हाच प्रकार, फक्त मी त्यावर शोभेची काडी लावून ४,६०० ला घेतला. एका मित्राने कागदावर हिशोब केला तर दहा वॉटमधला एक वॉटसुद्धा काडीपर्यंत पोचत नसावा. शहरात रिपीटर जवळ असल्यामुळे तेवढ्यावरही भागत होतं.

त्याच माणसाकडून घेतलेले आणखी दोघं ओळखीचे निघाले. त्यांना म्हटलं मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक कनेक्टरच्या मधल्या पिनला, दुसरं बाहेरच्या धातूला. एकाचा आला ४९.८, दुसऱ्याचा ५०.४. चांगल्या मोबाइल अँटेनावर या टेस्टला एकतर काहीच येत नाही, म्हणजे ओपन, नाहीतर कॉइल ग्राउंडला जोडलेली असेल तर सरळ शॉर्ट. पन्नास कधीच नाही. ३० सेकंदांचं काम आहे, दीडशे रुपयांच्या मीटरवर होतं, आणि मी नॅनोव्हीएनए घेऊन बसलो होतो! अजून एक, पाच मिनिटं बोलल्यावर गाडी थांबवून बेसला हात लावा, तो गरम लागता कामा नये.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी "ओएम, एसडब्ल्यूआर तर ओके आहे ना?", मग "तुम्ही हाय पॉवर मारली, वॉरंटी गेली", मग ब्लॉक. त्याचा कॉलसाइन शोधला तर तो दक्षिणेतल्या एका जुन्या हॅमचा, जे बऱ्याच वर्षांपूर्वी सायलेंट की झालेत. गेलेल्या माणसाचा कॉलसाइन वापरून धंदा, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. आपण कॉलसाइन ऐकला की माणूस ओळखीचाच धरून चालतो, मीही तेच केलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पैसे नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही फोन केला, पण तिथे विकणाऱ्याचं नाव-पत्ता मागतात, बिल मागतात. माझ्याकडे होता एक मोबाइल नंबर आणि यूपीआयवरचं कोणातरी तिसऱ्याच बाईचं नाव, जे मी पैसे पाठवताना वाचलं होतं आणि "बायकोचं अकाउंट असेल" म्हणून सोडून दिलं होतं.

बेस मात्र फेकला नाही, चुंबक खरंच चांगलं आहे. रेझिस्टर काढले, केबल बदलली, कारण आतली केबल सुतळीएवढी बारीक होती, नीट आरजी-५८ टाकली, जाळी प्लेटला पक्की सोल्डर केली. काडी म्हणून आजोबांच्या मोडक्या काळ्या छत्रीची एक तार घेतली. स्टीलला सोल्डर धरत नव्हतं, तर इलेक्ट्रिकच्या कनेक्टर पट्टीतलं पितळी नळकांडं स्क्रूसकट काढून त्यात अडकवली आणि थोडी थोडी कापत ४९ सेंटिमीटरवर आणली. एसडब्ल्यूआर १.४, त्या ठगाच्या मालापेक्षा वाईट! पण मागच्या रविवारी त्याच टपरीपाशी उभा राहून दहा वॉटवर जीपवाल्याशी बोललो, तो पार माणगावच्या बाजूला उतरला होता तरी स्वच्छ. काकांनी चहा देताना आधी टपाकडे बघून घेतलं.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर नवीन नंबरवरून व्हिडिओ आला. तेच टेबल, तोच पत्रा, मागे भिंतीवर तेच फेब्रुवारीचं कॅलेंडर, मीटरवर १.२. किंमत ३,९००, शेवटचे पाच पीस.