इनस्क्रिप्ट की फोनेटिक? संगणकावर भरपूर मराठी लिहिणाऱ्यांसाठी

व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकण्यापुरतंच मराठी हवं असेल तर फोनवर जे चाललंय ते चालू द्या, पुढचं वाचायची गरज नाही. पण कुणी भाषांतराचं काम घेतलेलं असतं, कुणी निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेलं असतं, कुणाला मराठी विकिपीडियावर लेखांची भर घालायची असते. अशांना लॅपटॉपवर पानंच्या पानं मराठी उमटवायची असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कीबोर्ड कुठला घेऊ? इनस्क्रिप्ट म्हणजे बटणांवर थेट देवनागरी अक्षरं बसवलेला सरकारी आराखडा, फोनेटिक म्हणजे रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणं. मी दोन्हींवर भरपूर लिहिलंय. माझ्यापुरती निवड कधीच झालीय आणि ती लपून राहणार नाही. तुमचं लिखाण माझ्यापेक्षा निराळं असेल तर उलटी निवडही योग्य ठरू शकते. ती कुठे, तेही येईलच.

फोनेटिक म्हणून आपण सरसकट जे बोलतो त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक नियमावर चालतं: ठरावीक रोमन अक्षरं दाबली की ठरावीक देवनागरी उमटणार, आज, उद्या आणि दहा वर्षांनीही. आयट्रान्स, गमभन ही त्या घराण्यातली नावं. दुसरं अंदाजावर चालतं: तुम्ही रोमनमध्ये जमेल तसं लिहा, यंत्र ओळखेल आणि खाली चार-पाच पर्याय दाखवेल. आज बहुतेक लोक फोनेटिक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेच दुसरं असतं.

अंदाजवाल्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरोखर आहे. शिकायला वेळ लागत नाही. इंग्रजी बोटांत बसलेलं असेल तर पहिल्या मिनिटापासून मराठी उमटायला लागतं. ‘आहे’, ‘पण’, ‘म्हणून’ असे नेहमीचे शब्द कसेही लिहा, बरोबर येतात. ‘पण’साठी रोमनमध्ये जे लिहितो त्याचं ‘पान’ही होऊ शकतं, तरी बहुतेक वेळा आपल्याला हवं तेच येतं. आणि आपल्या मराठीत इंग्रजी शब्द किती असतात ते वेगळं सांगायला नको. कॉलेज, ऑफिस, कॉम्प्युटर हे शब्द इंग्रजी स्पेलिंगनेच लिहिले तरी बऱ्याचदा नीट देवनागरीत येतात, ॲ-ऑची भानगड यंत्रच निस्तरतं. तंत्रज्ञानावर किंवा शेअर बाजारावर लिहिणाऱ्याला ही केवढी सोय आहे!

मग बिनसलं कुठे? एका अनुस्वारापाशी.

मी लिहितो ती मराठी बोलण्याच्या जवळची. ‘केलं’, ‘झालं’, ‘होतं’, ‘सांगितलं’, ‘माझं’, ‘त्याचं’, ‘कसं’. रोमनमध्ये ‘केला’ आणि ‘केलं’ बहुतेक लोक एकसारखंच लिहितात, मीही तसंच लिहायचो. यंत्रापुढे पेच पडतो आणि ते बहुधा ‘केला’ पुढे करतं. ‘केलं’ असतं, पण यादीत दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जागी. म्हणजे वाक्य मनात तयार, बोटं पुढे निघालेली, आणि मध्येच नजर खाली नेऊन आकडा दाबायचा किंवा बाणाने खाली सरकायचं. एकदा ठीक आहे. पण असा शब्द मराठीत जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतो, कधी दोनदा. नाही बघितलं तर ‘मी काम केला आणि तिला सांगितला’ अशी वाक्यं तयार होतात, नुकतीच मराठी शिकू लागलेल्या परप्रांतीयासारखी. यातला खरा त्रास असा की शुद्धलेखन तपासनीसाला हे दिसत नाही. ‘केला’ही बरोबर शब्द, ‘केलं’ही बरोबर. लाल रेघ येणार कुठून?

काही साधनं शिकतात म्हणे. माझ्या अनुभवात थोडीफार शिकतातही, पण मग दुसरीच गंमत होते. एखाद्या लेखात ‘केलं’ वारंवार निवडलं की पुढच्या लेखात, जिथे खरोखरच ‘त्याने फोन केला’ लिहायचंय, तिथे ‘फोन केलं’ येऊन बसतं.

हेही मी सहन केलं असतं. पण मधे जुनं लिखाण चाळताना लक्षात आलं की माझी वाक्यं बदलत चालली आहेत. ‘केलं’च्या जागी ‘केले’, ‘झालं’च्या जागी ‘झाले’, ‘माझं’च्या जागी ‘माझे’. एकारान्त रूप रोमनमध्ये वेगळं लिहिलं जातं, यंत्राला ते नीट कळतं, निवड करावी लागत नाही. म्हणून बोटांनी आपली आपण ती वाट धरली होती. साधन सोयीचं व्हावं म्हणून माझ्या लिखाणाचा सूर वर्तमानपत्री व्हायला लागला होता! त्या दिवसापासून माझ्यापुरता निकाल लागला.

तुम्ही मुळातच ‘केले, झाले, होते’ असं छापील वळणाचं लिहीत असाल, कार्यालयीन पत्रं, अहवाल, पाठ्यपुस्तकी मजकूर, तर ही कटकट तुमच्या वाट्याला फारशी येणारच नाही. अंदाजवालं फोनेटिक तुम्हाला छान चालेल, इतकं मी मोकळेपणाने म्हणतो. पण कथा लिहायची आहे, पात्रांच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडी घालायची आहे, तर दुप्पट विचार करा. यंत्राने पाहिलेले शब्द प्रमाण मराठीतले असतात. तुमच्या आजीचा शब्द ते पुन्हा पुन्हा ‘सुधारून’ देणार.

नियमवाल्या फोनेटिकमध्ये हा घोळ नाही. मोठा एम दाबला की अनुस्वार, विषय संपला. मराठी संस्थळांवर वावरलेली एक पूर्ण पिढी गमभनवर वाढली आणि त्यातले कित्येकजण भराभर, बिनचूक लिहितात. आडकाठी वेगळी आहे. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी सतत मोठी अक्षरं, म्हणजे शिफ्टवर करंगळी कायमची. आणि नियम सगळीकडे तेच नाहीत: च आणि छ, ज्ञ, ऋ यांच्यासाठी एकीकडे जे दाबायचं ते दुसरीकडे चालेलच असं नाही. एक साधन सोडून दुसऱ्यावर गेलात की थोडं विसरा, थोडं नव्याने शिका. ज्या साधनाची सवय झाली तेच निर्मात्यांनी बंद केलं की मग बसा शोधत. तरीही इनस्क्रिप्ट नकोच असेल, तर माझा कौल अंदाजापेक्षा नियमाला.

आता इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये हा आराखडा प्रमाण म्हणून ठरवला, 1988 मध्ये त्यात सुधारणा झाल्या आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या इस्कीच्या (भारतीय लिपींच्या संगणकीय संकेतांच्या) मानकात, आयएस 13194 मध्ये, तो आला. सरकारी आणि जुना म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. मीही पहिल्यांदा आराखडा पाहिला तेव्हा अक्षरं कुणीतरी उधळून दिल्यासारखी वाटली. जरा थांबून पाहिलं की मात्र त्यातली बांधणी दिसायला लागते.

डावा हात स्वरांचा, उजवा बहुतांशी व्यंजनांचा. मधल्या ओळीत डावीकडून ओ, ए, अ, इ, उ. त्यांच्या बरोबर वरच्या ओळीत औ, ऐ, आ, ई, ऊ. म्हणजे ऱ्हस्व इकार बोटाखाली आणि दीर्घ त्याच्या डोक्यावर. शिफ्टशिवाय मात्रा, शिफ्टसह अख्खा स्वर. उजवीकडे मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड. शिफ्ट दाबली की त्याच बटणांवर ख, घ, थ, ध, छ, झ. शाळेत फळ्यावर लिहिलेली क-ख-ग-घची ओळ घडी घालून कीबोर्डवर ठेवावी तसं आहे हे. पाठ करायचं म्हणाल तर निम्मंच, उरलेलं तर्काने सापडतं. क मात्र योगायोगाने इंग्रजी ‘के’वरच आहे, तेवढाच नवशिक्याला धीर.

व्यंजनातला अ फुकट मिळतो हे मला फार आवडतं. ‘घर’ला दोन अक्षरं, ‘कमळ’ला तीन. रोमनमधून लिहाल तर चार आणि पाच. जोडाक्षरं आली की हा फायदा वितळतो, हेही सांगायला हवं. ‘विद्यार्थी’ दोन्हीकडे सारखाच लांब पडतो, कारण प्रत्येक जोडणीला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, वेगळा दाबावा लागतो. तो निदान डाव्या मधल्या बोटाखालीच आहे.

आणि माझा अनुस्वार? ‘केला’ला शेवटी काना, ‘केलं’ला शेवटी अनुस्वार, दोन वेगळी बटणं. यंत्र काही विचारत नाही, मी त्याला काही समजावत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचंही तसंच: र च्या बटणावर शिफ्ट दाबली की ऱ, पुढे हलन्त, य आणि काना, की झाल्या दऱ्या. जे दाबलं तेच आलं, चूक झाली तर ती माझी. डोळे पडद्यावरच्या वाक्यावर राहतात, खालच्या यादीवर नाही.

शिवाय हा आराखडा विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे मुळातच असतो. काही उतरवून घ्यायचं नाही, इंटरनेट लागत नाही, आपण दाबलेली अक्षरं कुणाच्या सर्व्हरवर जात नाहीत. वरकड फायदा म्हणजे गुजराती, कन्नड, तेलुगू लिपींतही क, त, प त्याच बटणांवर आहेत. सीमाभागातल्या माणसाला याचा उपयोग होईल.

तक्रारीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. हा आराखडा सगळ्या भारतीय लिपींसाठी आखलेला, त्यामुळे मराठीला कधीच न लागणारा नुक्तेवाला ऩ इथे शिफ्टची एक जागा अडवून बसलाय आणि आपला ण मात्र म च्या बटणावर गेलाय. का, ते मला अजून पटलेलं नाही. अवतरणचिन्हांच्या बटणावर ट-ठ बसल्यामुळे संवाद लिहिताना दर वेळी इंग्रजीवर उडी मारून परत यावं लागतं. कथा लिहिणाऱ्याला हे खुपेल. मला खुपतं. ॲ ची तर वेगळीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या संगणकीय अक्षरांच्या जागतिक मानकात, आलं 2008 मध्ये, 5.1 आवृत्तीत, म्हणजे इनस्क्रिप्ट ठरल्यावर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे ते सगळ्या आराखड्यांत एकाच जागी सापडत नाही आणि लोक अ ला चंद्र जोडून काम भागवतात. दिसायला दोन्ही एकच, पण पुढे फाइलमध्ये ‘ॲप’ शोधायला गेलात की निम्मे सापडत नाहीत. आपल्या संगणकावर ॲ कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

सगळ्यात मोठी अडचण सुरुवातीची. पहिले काही आठवडे तुम्ही अक्षरशः बालवाडीत असता. फोनेटिकवर सहज एक पान लिहिणारा माणूस इथे एका परिच्छेदाला घाम गाळतो. हातात मुदतीचं काम असेल तर त्याच सुमारास इनस्क्रिप्ट शिकायला घेऊ नका. रोजची डायरी, बाजाराची यादी, जुन्या पत्रांची नक्कल असं बिनघाईचं काहीतरी त्यावर लिहा. बटणांवर चिकटवायचे स्टिकर मिळतात, माझ्या मते ते टाळावेत, नजर खाली जायची सवय लागते. आराखड्याचा कागद पडद्याशेजारी भिंतीवर लावलेला बरा.

जुन्या टाइपरायटरवरच्या रेमिंग्टन आराखड्याचं काय, असंही कुणी विचारेल. टंकलेखनाची 30 किंवा 40 शब्दांची मराठी परीक्षा टाइपरायटरवर दिलेल्यांची बोटं त्यात तयार असतात. त्यांनी खुशाल त्यातच राहावं. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, कागदावर दिसेल त्या क्रमाने. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ही सवय मोडायला फार जड जाते असं दोघा-तिघा अनुभवी टंकलेखकांकडून ऐकलंय. नव्याने शिकणाऱ्याने मात्र तिकडे वळायचं मला काही कारण दिसत नाही.

वेगाचं विचाराल तर मी घड्याळ लावून कधी मोजलेला नाही. एवढं खरं की फोनेटिकवर मी भराभर लिहायचो खरा, पण तितकाच वेळ नंतर ‘केला’चं ‘केलं’ करत बसायचो, आणि आता ते दुसरं काम उरलेलं नाही. फोनवर मी अजूनही अंदाजवालंच वापरतो, अंगठ्याने इनस्क्रिप्ट बडवण्यात मजा नाही. दोन्ही डोक्यात एकत्र नांदतात, एकाने दुसरं बिघडत नाही. तेव्हा लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट सुरू करायला फोनवरचं काही सोडावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलून पाहा, आणि आधी मधली ओळ बोटांत बसवा: ओ, ए, अ, इ, उ, मग प, र, क, त, च.