महिन्याचे आठवडे करताना चारने गुणावं की ४.३५ ने?

इंदूरला भंवरकुआँच्या बाजूला खोली घेतली की पहिला हिशेब डब्याचा. समजा डबेवाल्या काकूंनी दोन भाव सांगितले: आठवड्याला ७०० किंवा महिन्याला ३०००. चारने गुणलं की २८०० येतात आणि आठवड्याचा भाव स्वस्त वाटतो. तो स्वस्त नाही. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. फेब्रुवारी सोडला तर प्रत्येक महिना त्याहून दोन-तीन दिवस मोठा. हे वरचे दिवस साठत जातात, म्हणून वर्षाचे आठवडे ४८ नव्हे, ५२ भरतात. सरासरी महिना ३०.४४ दिवसांचा, म्हणजे ४.३५ आठवड्यांचा. वर्षभराचा हिशेब मांडा: ७०० गुणिले ५२ म्हणजे ३६,४००, आणि महिन्याच्या भावाने ३६,०००.

आता दिवाळीला दोन आठवडे घरी जाणार असाल तर? महिनेवाला डबा खाडे कापत नसेल, तर आठवड्याच्या भावाने ५० आठवड्यांचे ३५,०००च होतात. एक पूर्ण आठवडा बंद ठेवला तरी ३५,७०० पडतात. तेव्हा भावाआधी विचारायचं ते हेच: खाडा कापता का?

मोबाइलच्या रिचार्जमध्ये चारचा गुणाकार खराच असतो, कारण तिथे ‘महिना’ बहुतेकदा २८ दिवसांचा. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. २८ दिवसांचे ३०० आणि ३० दिवसांचे ३२० असतील तर रोजचे १०.७१ आणि १०.६७. नेहमी दिवसांनी भागून बघा.

खोली सोडायची नोटीस ‘एक महिना’ अशी लिहू नका, ‘३० दिवस’ लिहा. ३१ जानेवारीपासून एक महिना कधी संपतो, यावर घरमालकाशी वाद नको.

गरोदरपणात मात्र महिने करूच नयेत. ४० आठवडे म्हणजे २८० दिवस. चारने भागलं की दहा महिने येतात आणि घरात गोंधळ उडतो. खरे सव्वानऊच्या आत-बाहेर. २४ आठवडे म्हणजे सहा नव्हे, साडेपाच महिने. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, सोनोग्राफी आणि तपासण्याही आठवड्यांवरच ठरतात. तोच आकडा लक्षात ठेवा.

राहिला तिथींचा महिना. तो २९.५३ दिवसांचा, सव्वाचार आठवड्यांहून किंचित कमी. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, अकरा दिवसांचा तुटवडा अधिक मास भरून काढतो. पण इंदुरात खरी गफलत वेगळीच. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचा सावन (त्यांचा श्रावण) आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला श्रावण पुढच्या अमावास्येनंतर. पंधरवड्याचा फरक. शुद्ध पक्षात दोघांचं जुळतं, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं: गोकुळाष्टमी आपली श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली, दिवस एकच. उज्जैनला महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, सावनात सुरू होते आणि त्यांच्या भाद्रपदाच्या पहिल्या पक्षातही निघते. तो आपला श्रावण वद्य. पुण्याहून पाहुणे येणार असतील तर ‘श्रावणातला पहिला सोमवार’ असं कळवू नका, तारीख कळवा.