झंस्करमध्ये कागदी नकाशा आणि फोन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ओलिझान या स्विस प्रकाशनाचा लडाख-झंस्करचा नकाशा उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन भागांत मिळतो. प्रमाण १:१,५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर दीड किलोमीटर. सह्याद्रीत १:५०,००० ची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा तपशीलवार नकाशा) वापरणाऱ्याला हे आधी तोकडं वाटतं. प्रत्येक घळ, प्रत्येक सोंड सुटी दिसत नाही. पण झंस्करमध्ये खिंडी एकमेकींपासून दिवसदिवसाच्या चालीवर असतात. नकाशा सतरंजीवर पसरला की आठवड्याची वाट, मधले ओढे, मागे फिरायच्या जागा सगळं एका नजरेत येतं. फोनच्या वीतभर पडद्यावर ते कधीच जमलं नाही.

फोन मात्र रोज वापरला. नेटवर्क नसतानाही जीपीएस चालतं आणि ढग उतरल्यावर आपण धारेच्या कुठल्या अंगाला आहोत हे कळणं फार मोलाचं. भरवसा ठेवायचा नाही तो त्यातल्या कॉन्टूरवर, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांवर. नकाशाच्या बऱ्याच ॲपमधल्या या रेषा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीतून काढलेल्या असतात. त्या मोजणीत उंचीचा एक आकडा साधारण तीस मीटरच्या चौकोनासाठी असतो, आणि अरुंद दरीच्या तळाशी रडार नीट पोचत नाही. परिणाम डोळ्यांनी पाहिला: पडद्यावर रेषा सुट्या, उतार चालण्याजोगा, समोर ताठ कातळ, खाली पाणी. त्यामुळे अनोळखी घळीत शिरण्याआधी कागदावरची छायांकित दरी बघायची आणि गावात विचारायचं, हा नेम झाला.

ओढ्यांचं तर विचारावंच लागतं. नकाशावर सारखीच निळी रेघ, पण बर्फ वितळून आलेलं पाणी सकाळी गुडघ्याखाली असतं आणि दुपारनंतर कमरेला लागतं. आमच्या घोडेवाल्याने बोट ठेवून दाखवलेल्या ओलांडायच्या जागा मी पेन्सिलीने नकाशावर उतरवल्या आणि पुढे प्रत्येक मुक्काम त्या धरूनच ठरवला.

घेताना आवृत्तीचं साल जरूर बघा. पदुमहून शिंकू ला ही खिंड ओलांडून दारच्याला जाणारी वाट आता मोटाररस्ता झाली आहे. पेन्सी ला खिंडीवरून दिसणारी द्रांग-द्रुंग हिमनदी मागे सरून तिच्या तोंडाशी तळं साचलं आहे. चालण्याचे मार्ग जोखायला मात्र हा कागद आजही पुरतो. लॅमिनेट करू नका, घड्यांवर चिरतो. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि मऊ पेन्सिल सोबत घ्या.