मेडिकलवर फुल पेन्शन काढून देतो म्हणाला आणि १,८१,४९० रुपयांना बुडवलं

एकूण १,८१,४९० रुपये. १५,००० रोख, ४०,००० यूपीआयने आणि १,२६,४९० माझ्याच सहीच्या चेकने. ही झाली हातातून गेलेली रक्कम. पेन्शनमध्ये जी कपात बसली ती मरेपर्यंत दर महिन्याला सोसायची आहे, ती वेगळीच.

पीएफचे एजंट माणसं कशी गाठतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते पुराण लावत नाही. माझ्याबाबतीत काय झालं तेवढं सांगतो, कारण आमच्या एमआयडीसीत अजूनही कामगार कमी करणं चालू आहे आणि मला बुडवणारा एजंट आज दुसऱ्या कुणाच्या तरी गेटबाहेर कार्डं वाटत असणार.

२०२३ मध्ये आमचं डिपार्टमेंट बंद केलं. २४ वर्षांची नोकरी, वय ५२. त्याच्या आदल्या वर्षी बायपास झालेली, त्यामुळे दुसरीकडे कुणी दारात उभं करेना. पेन्शन ५८ ला. मधली सहा वर्षं खायचं काय? पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांचे वर्षाला ४ टक्के कापतात आणि ५८ झाल्यावरही ती कपात सुटत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी ती घेत नव्हतो. मी अडाणी नाही. आयुष्यभर स्टोअरला काढलं, आकडेच लिहिले.

मग एजंटाकडे का गेलो, असं विचारणारे खूप भेटले. पीएफच्या रेकॉर्डला आणि आधारला जन्मतारीख वेगळी असली की तुमचं काय होतं ते त्यांनी एकदा अनुभवावं. अर्ज परत येतो. खिडकीवर सांगतात कंपनीकडून दुरुस्ती करून आणा. कंपनीत एचआरचा माणूसच उरलेला नाही, फोन कुणी उचलत नाही. पीएफ ऑफिसच्या समोर, रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसलेला हा पोरगा म्हणाला, आठ दिवसांत करतो. आणि केली! जन्मतारीख खरंच दुरुस्त झाली. तिथेच माझा विश्वास बसला, कुणाचाही बसला असता.

मग पुढचं. "काका, बायपास झालीय ना तुमची? मग कपात कशाला घेता? मेडिकल ग्राउंडवर फुल पेन्शन बसते. आता तर सुप्रीम कोर्टाचा निकालच आलाय." निकाल आला होता हे खरं, ४ नोव्हेंबर २०२२ चा, त्या दिवसांत सगळीकडे तीच चर्चा होती. पण तो जास्त पगारावर पेन्शन मिळण्याबद्दलचा होता, आजाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कॅल्क्युलेटरवर त्याने पगाराची मर्यादा १५,००० गुणिले नोकरीची २४ वर्षं भागिले ७० असं करून दाखवलं: महिना ५,१४२. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला १५,००० नव्हे, ६,५०० ची मर्यादा धरतात, हे त्याने सांगितलं नाही. खरा हिशेब केला तर माझी पेन्शन कपात न होताही ३,३०० च्या आसपासच बसते.

नोंदणीचे १५,००० आणि 'मेडिकल बोर्ड'चे ४०,००० दिले. उरलेली १०,००० फी पेन्शन सुरू झाल्यावर, त्यासाठी एक कोरा चेक ठेवून घेतला.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली तो सांगतो. फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनच्या अर्जावर सह्या घ्यायला त्याने आम्हा दोघांना बोलावलं. जोडीचा फोटो चिकटवलेला, सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या. घटवलेली पेन्शन घेणार असाल तर कोणत्या तारखेपासून, असा एक रकाना त्या फॉर्मवर असतो. त्यात तारीख आधीच लिहिलेली होती. मी पाहिली. बोट ठेवून विचारलंसुद्धा. म्हणाला, "फॉरमॅटच तसा आहे काका, सगळ्यांचंच भरावं लागतं." बायको हळूच म्हणाली, "अहो, घरी नेऊन एकदा वाचू या ना." तर म्हणे आज इनवर्ड, म्हणजे अर्ज घेण्याची खिडकी, लवकर बंद होतं. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड माझ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये टेबलावरच पडून होतं. ज्या केसचा सगळा आधार बायपास, तिचा एक कागदही अर्जाला लावला गेला नाही! तिथे फाईल उचलून निघायला हवं होतं. पण मागे रांग होती, त्यात आमच्याच कंपनीतले दोघे, आणि समोरच्या ऑफिसचा शिपाई त्याला नावाने हाक मारत होता. अशा वेळी माणूस किती संशय घेणार?

ओटीपी तो 'केवायसीसाठी' म्हणून विचारत गेला. काही दिवसांनी माझ्या खात्यात पीएफचे ८,४३,२७० रुपये जमा. मी पीएफ काढायला सांगितलंच नव्हतं, त्यावर व्याज चालू होतं, २०२३-२४ ला ८.२५ टक्के होतं. त्याने परस्पर फॉर्म १९, म्हणजे सगळा पीएफ काढायचा अर्ज भरला होता. तिसऱ्या दिवशी कोऱ्या चेकवर १,२६,४९० टाकून पैसे उचलले. फोन केला तर म्हणतो, पीएफवर पंधरा टक्के रेटच आहे. नंतर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश आला. महिना २,६०० च्याही आत. घटवलेली पेन्शन, साधी अर्ली पेन्शन, जी मी स्वतःहून कधीच मागितली नसती.

कोरा चेक कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावाच्या ओळखीचा असला तरी.

आजाराची पेन्शन नियमात आहे, पण ती कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वाची आहे. ते अपंगत्व नोकरीत असतानाच आलेलं असावं लागतं, वैद्यकीय तपासणीला सामोरं जावं लागतं. नेहमीच्या पेन्शनला लागते तशी दहा वर्षांची नोकरीही तिला लागत नाही. बायपास होऊन चालता-फिरता माणूस त्यात सहसा बसत नाही. हे मला पहिल्याच दिवशी खिडकीवर कुणी दोन मिनिटं काढून सांगितलं असतं तर मी रस्ता ओलांडलाच नसता.

आणि तेच खिडकीवाले आता म्हणतात, "एजंटांपासून सावध राहा असा बोर्ड लावलाय, वाचला नाही का?" बोर्ड आत, एजंट बाहेर, मधे फक्त रस्ता. कोण कुणाला चहा पाजतो हे सगळं तिथल्या वॉचमनलाही दिसतं, साहेबांनाच दिसत नाही? पेन्शन फिरवता येईल का विचारलं तर, मंजूर झाली, आता काही होणार नाही. ऑनलाइन तक्रार केली, तर 'पीपीओ देण्यात आला आहे' एवढं लिहून बंद करून टाकली. माझी तक्रारच पीपीओबद्दल होती, ती कुणी वाचली तरी का? पोलिसांनी सांगितलं चेकवर सही तुमची, हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. बँक म्हणते सही जुळली, आम्ही पैसे दिले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन लावला, तर ४०,००० जाऊन इतके दिवस झाले होते की त्या खात्यात काहीच उरलं नव्हतं. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासात १९३० लावा, जितका उशीर तितकी पैसे अडण्याची शक्यता कमी. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो आणि छातीला टाके पडलेला माणूस जिने चढत राहतो.

पीएफच्या कुठल्याही अर्जाला सरकारी फी नाही, एक रुपयाही नाही. १४४७० ही त्यांची हेल्पलाइन आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसतात, कागद घेऊन तिथे जा. उपचारासाठी पैसे हवे असतील तर ते फॉर्म ३१ ने पीएफमधून मिळतात, पेन्शनला हात लावायची गरज नाही. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, नुसते आकडे सांगू नका. आणि १०-डी वर सही करण्याआधी तो तारखेचा रकाना बघा. तिथे तारीख असेल तर कापलेली पेन्शनच मिळणार, समोरचा काहीही सांगो.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली, गाळा बंद आहे. आमच्या कंपनीतल्या ज्या दोघांनी त्याच टेबलावर सह्या केल्या त्यांना मी शोधून काढलंय. एकाचे ३५,००० गेलेत. तो लाजेपोटी घरीसुद्धा बोललेला नाही, पण आता माझ्याबरोबर प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाला आहे.