सेमाग्लुटाइड या वजन कमी करायच्या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन, वापरून झाल्यावर लिहितोय

काम करतं का, तर हो करतं, पण लोक सांगतात तशी जादू वगैरे काही नाही. डोक्यात दिवसभर खाण्याची जी कटकट चालू असायची ती आधी थांबली, वजन त्यानंतर हळूहळू उतरायला लागलं. पेन एकदम सोपं आहे, डोस फिरवायचा, पोटावर टेकवून बटण दाबायचं आणि आकडा शून्यावर आला तरी सहापर्यंत मोजत धरून ठेवायचं, सुई इतकी बारीक की टोचलेलं कळत पण नाही.

त्रास म्हणाल तर मळमळ आणि बद्धकोष्ठता, डोस वाढवला की पुन्हा तेच. म्हणून ०.२५ मिग्रॅपासून सुरू करून २.४ पर्यंत सावकाश जातात, घाई करणाऱ्यांचे हाल होतात बघा. या औषधाच्या २०२१ च्या स्टेप १ चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसतं आहार-व्यायाम आणि खोटं इंजेक्शन वाल्यांचं २.४ टक्के. मला त्याहून भारी वाटली २०२३ ची सिलेक्ट नावाची चाचणी, हृदयविकार असलेल्या पण डायबेटिस नसलेल्या जाड लोकांत हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू मिळून २० टक्के कमी.

एक स्टार कापला कारण बंद केलं की वजन परत येतं, चाचणीत वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं होतं. चरबीसोबत स्नायू पण जातात, त्यामुळे वजनं उचलायचा कंटाळा चालणार नाही. आणि घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार) असेल तर हे घ्यायचंच नाही, डॉक्टरांनी मला पहिलं तेच विचारलं.