माडीच्या सागवानी फळ्यांवर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारलं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

माल चांगलाच आहे, पण डब्बा उघडला, ब्रश बुडवला अन मोकळे झालो असं हे काम नाही, ते आधीच सांगून ठेवतो. आमचं घर गडचिरोलीतल्या आरमोरीकडचं, जुनं, खाली मातीच्या भिंती अन वर सागवानी फळ्यांची माडी. आजोबाच्या टाइमपासून तिले जवसाचं तेल घासत आले. तेल दिसते मस्त पण गर्दा धरते, पोट्टे वर खेळून आले का तळपाय काळेकुट्ट. मधात एकदा चपडा पॉलिश मारून पाह्यलं, त्यावर पाण्याचा गिलास ठेवला का पांढरा गोल उमटे. चपडा म्हणजे लाख, आपल्याच पळसावरची, दाराले, देव्हाऱ्याले एक नंबर, पण पायाखाली तिचं काम नाही. म्हणून पीयू.

मी आणलं ते दोन डब्ब्यांचं, बेस अन त्याले कडक करणारं हार्डनर, मॅट फिनिश. दुकानदार म्हणे भाऊ ग्लॉसी न्या, काचेवानी चमकते. चमकते हे खरं, पण खाट सरकवली का ओरखडा दुरून दिसते, अन आमच्याकडे धानाच्या चुरणीचा (मळणीचा) गर्दा घरात येणारच, ग्लॉसीवर तो कण न कण दिसते. मॅटच घ्या. फक्त मॅटमध्ये चमक कमी करणारी पावडर डब्ब्याच्या बुडाशी बसून राहते, ती लाकडी पट्टीनं बुडापासून हळूहळू ढवळून घ्या, डब्बा हलवायचा नाही, हलवला का बुडबुडे येतात अन तेच फळीवर उतरतात. अजून एक, कपाट-टेबलाचं पीयू वेगळं अन पायाखालचं वेगळं, फ्लोअरसाठी चालते का हे डब्ब्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता ज्याच्यासाठी एक स्टार कापला ते. कंपनीचं नाव लिहत नाही, पण थिनर किटमध्ये नव्हतं, पीयू थिनर अलग आणा म्हणे. साधं थिनर यात चालत नाही, त्यात स्पिरिटसारखा माल असला तं हार्डनर त्याच्याशीच भिडते अन फिनिश नरम राहते. सूचना साऱ्या इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. अन हार्डनरचं झाकण एकदा उघडलं का परत घट्ट बसत नाही. हवेतली ओल लागली का हार्डनर घट्ट होऊन जाते, म्हणजे उरलेला माल गेलाच समजा. एवढ्या महागाच्या मालाले एक चांगलं झाकण देता येत नाही का बाप्पा.

मिक्सिंगचं लक्ष देऊन वाचा. प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं, अन ते वजनानं दिलं आहे का मापानं, हेही पाहायचं. आमचा मिस्त्री चाळीस वर्षांचा अनुभव सांगून हार्डनर अंदाजानंच ओतून राहिला होता, थोडं जास्त टाकलं तं लवकर वाळते म्हणे. त्याले म्हटलं काका थांबा, अन किराणा दुकानातून डिजिटल काटा आणला. हार्डनर जास्त झालं का फिनिश कडक होऊन तडकते, कमी झालं तं चिकट राहते, लवकर-उशिराचा सवालच नाही. मिसळलेला माल दोन-चार तासात घट्ट होते, म्हणून थोडा थोडाच बनवायचा. वाटीत उरलेल्या मालात काकांनी ब्रश तसाच ठेवला, सकाळी ब्रश वाटीत उभाच्या उभा, दांडी धरून उचललं तं वाटीही सोबत वर आली.

खरी मेहनत घासायचीच. जुनं तेल राहिलं का पीयू तिथून पळते, फळीवर बारीक खड्डे-खड्डे दिसतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग १२०, मग १८०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. सागवान स्वतःच तेलकट असते, म्हणून शेवटी थिनरच्या कपड्यानं पुसून घ्यायचं. दोन हातांच्या (थरांच्या) मधात ३२० नं हलकं घासायचं, पांढरी भुकटी दिसली का बस. पहिला हात पातळ. कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे निघायचं, नाही तं स्वतःच मधात अडकता. लिटरमध्ये एका हातात साधारण १०० चौरस फूट होते, त्या हिशोबानं आणा.

फळ्यांच्या फटी भुसा-लांबी (भुसा मिसळलेली पुट्टी) भरून बुजवा असं सारे सांगतात. माडीत ते करू नका. पावसाळ्यात सागवान फुगते, मे महिन्यात आकसते, कडक लांबी तडकून खाली गळते, थेट जेवणाच्या ताटात.

अन त्याच फटीतून वाफ खाली उतरते हे ध्यानात ठेवा. पीयूच्या सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, अन आमच्या माडीखाली रांधणीखोली. आईले त्या दिवसांत चूल बाहेर अंगणात मांडायला लावली, गॅसही बंद, वास पूर्ण जाईपर्यंत. ती म्हणे रंग माडीले अन वनवास मले. तोंडाले रुमाल बांधून भागत नाही, हार्डनरमधला माल छातीले वाईट, दम्याच्या माणसानं तं आसपासही थांबू नये. वाफ गाळणारा कार्ट्रिजवाला मास्क घ्या. तेलाचे जुने चिंधे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळता वाळता तापते, गठ्ठा आपोआप पेट घेते. ते पसरून वाळवा.

टाइम कोणता? फेब्रुवारी. पावसाळ्यात हवेतल्या ओलीशी हार्डनर भिडते अन फेस येते, मे मध्ये ४५ डिग्रीत ब्रश ओढता ओढताच माल ताणते अन पट्टे राहतात, अन चुरणीच्या दिवसांत गर्दा. फेब्रुवारीत थंडीही ओसरलेली अन हवा कोरडी.

झाल्यावर एक दिवस पाय नाही, तीन दिवस खाट नाही, सतरंजी आठवडाभर नाही. आता पाणी सांडलं तं पुसलं का झालं, दाग नाही, अन पोट्ट्यांचे पाय चक्क पांढरे. रेषा अशा निघाल्या का शेजारचे काका वर येऊन हात फिरवून गेले. आपल्याकडचं सागवान २०२३ मध्ये बल्लारशावरून अयोध्येच्या मंदिराले गेलं, अन आपण घरी प्लायवूडले सनमायका चिकटवून राहिलो, असं म्हणत गेले. पण ओरखडा खोल गेला तं चपड्यासारखा नुसता हात फिरवून भागत नाही, ती फळीच पूर्ण घासावी लागते.

नवीन फळ्या टाकून लगेच पीयू मारायचा विचार असेल तं थांबा. आरा मशीनवरून आलेलं लाकूड ओलं असते, एक उन्हाळा सावलीत वाळू द्या, मगच डब्बा आणा.