'पीएम किसान'ची फाईल उघडली आणि खातं रिकामं झालं: पहिल्या तासात काय करायचं, कुणाकडे काय मागायचं

मोंढ्यावर सोयाबीन घातलं, पट्टीचे पैसे खात्यावर जमा झाले आणि दोन दिवसांत गेले. ना कुणाचा फोन आला, ना कुणाला ओटीपी सांगितला. अशा वेळी आधी फोनमधलं व्हॉट्सॲप तपासा. गावाच्या गटात आलेली एखादी फाईल बहुधा सापडतेच: 'पीएम किसान', 'आरटीओ चलन', नाहीतर लग्नपत्रिका. नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अख्खं ॲप.

शेतकरी भोळा म्हणून फसतो, असं म्हणणं अन्यायाचं आहे. सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता ई-केवायसीवाचून खरोखरच अडकतो. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर अंगठा द्यायला लोक खरोखरच रांगा लावतात. 'तुमची केवायसी बाकी आहे' हा निरोप त्यामुळे खरा वाटतो. शिवाय तो येतो ओळखीच्या नंबरवरून, कारण त्या माणसाचं व्हॉट्सॲप आधीच चोरांच्या हातात गेलेलं असतं.

फाईल दाबली की फोन 'अनोळखी ॲप' म्हणून इशारा देतो. तो ओलांडला की ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. खरी मेख इथे आहे. पुढे सरकारी बोधचिन्हाचं पान उघडतं, आधार आणि जन्मतारीख विचारतं आणि 'नोंदणीसाठी १ रुपया' म्हणत यूपीआय पिन टाकायला लावतं. पिन चोराकडे जातो. मग चोर आपल्या फोनवर तुमचं खातं जोडतो आणि त्यासाठी येणारे ओटीपी हे ॲप परस्पर त्याला पाठवत राहतं. अशी काही ॲप पडद्यावरून स्वतःचं चिन्हही लपवतात आणि बँकेचे संदेश दिसू देत नाहीत. म्हणून माणसाला चोरी कळते ती थेट बँकेत गेल्यावर.

पैसे एका खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून त्यांचे तुकडे होत जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. रोख निघेपर्यंतच ते गोठवता येतात, म्हणून आधी पोलीस ठाण्याची वाट धरू नका, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा मदत क्रमांक १९३० लावा. दुसऱ्याच्या फोनवरून लावा, कारण तक्रार क्रमांकाचा संदेशही चोर वाचू शकतो. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो. संदेश गायब असतील तर खातेउतारा घ्या. लाईन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तीच तक्रार नोंदवा. त्याच दमात बँकेच्या मदत क्रमांकावर खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा.

बाधित फोन लगेच फॉरमॅट मारू नका, पुरावा जाईल. विमान मोड लावा, सिम काढून साध्या बटनाच्या फोनमध्ये घाला. फाईल कुणाकडून, कधी आली तो संवाद दुसऱ्या फोनने टिपून ठेवा. फोन पुसायचा तो तक्रार नोंदवून झाल्यावर.

बँकेत मात्र खरी लढाई असते. 'तुम्हीच ओटीपी दिला' असं म्हणून अर्ज बाजूला सारतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर टाकलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोटा नाही. ४ ते ७ कामकाजी दिवसांत कळवलं तर बचत खात्याला तोट्याची मर्यादा १०,००० रुपये, जनधनसारख्या मूलभूत खात्याला ५,०००. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तरी कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेच्या माथी. पिन तुम्हीच टाकला म्हणून बँक निष्काळजीपणाचा मुद्दा काढणारच. तेव्हा अर्जात 'ओटीपी दिला' असं मोघम लिहू नका. जे घडलं तेच लिहा: ओटीपी कुणाला सांगितला नाही, फसव्या ॲपने तो वाचला, व्यवहार दुसऱ्या फोनवरून झाले. पोच आणि वेळेचा शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्थेतल्या खात्याला मात्र हे परिपत्रक लागू नाही. आपल्याकडे पतसंस्थांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पोलीस ठाण्यात 'जिल्ह्याच्या सायबरला जा' असं सांगितलं जातं. हिंगोली किंवा धाराशिवच्या टोकाच्या गावातून एसटीने जाईपर्यंत दिवस मोडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक वा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हे खरं. पण नोंद करून घ्यायला त्याची आडकाठी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यावीच लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. कायदा-सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याचे विषय आहेत. घरफोडीला जी तत्परता तीच इथेही मिळायला हवी. १९३० हा क्रमांक दिला म्हणून ठाण्याची जबाबदारी संपत नाही.

पुढच्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप' बसवण्याची व्हॉट्सॲपला दिलेली परवानगी बंद करा आणि व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन लावा. हप्त्याची स्थिती पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन वर नाहीतर सेवा केंद्रावर पाहा.

रक्कम गोठली असेल तर ती सोडवून घेण्यासाठी तक्रार क्रमांक आणि गुन्ह्याची प्रत जोडून न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो, म्हणून तपास अधिकाऱ्याकडून गोठलेल्या रकमेचा आकडा लेखी घ्या. याच काळात 'सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सुटले, प्रक्रिया शुल्क भरा' असे फोन येतात. रक्कम सोडवण्यासाठी पोलीस कुणाच्या यूपीआयवर शुल्क मागत नाहीत. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.